उखर्डूनानांचा हौद कोरडा राहणार नाही

खानदेशातल्या बंबवाल्या बंधूंनो, आणि कापसाच्या जिनांत-प्रेसांत राबणाऱ्या भावाबहिणींनो,

प्रत्येक आगीनंतर एक वाक्य आपल्या तोंडावर फेकले जाते. “बंब उशिरा आला.” जळालेल्या मालाचा धनी ते म्हणतो, बघ्यांची गर्दी म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभेत, आयुष्यात कधी धुराने खोकला न आलेली माणसेही तेच म्हणतात. त्या वेळी बंब कुठे होता, हे कोणी विचारीत नाही. तो कोणा सभासदाच्या घरच्या लग्नात पिपे भरत होता. नाही तर पाहुण्यांच्या मोटारीवर धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारत होता. आणि आगीशी झुंजायला आपल्याला शिकवले कोणी, हे तर कोणाच्या मनातही येत नाही.

ते एका माणसाने शिकवले. आमच्या गावच्या बंबखान्याचे प्रमुख श्री. उखर्डू रामजी महाजन, म्हणजे आपल्या सर्वांचे उखर्डूनाना, यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यासाठी हा गौरवग्रंथ निघतो आहे. आणि याच वर्षी, नाना सेवेतून निवृत्त होण्याच्या सुमारास, नगरपालिकेने ठराव केला आहे की बंबखान्याच्या आवारातल्या कवायतीच्या हौदात यापुढे पाणी भरू नये. ठरावाच्या वेळी एका सभासदाने केलेले भाषण मी स्वतः ऐकले. “प्यायला पाणी पुरत नाही, तर या लोकांना खेळायला कुठून द्यायचे?”

खेळायला! हा शब्द लक्षात ठेवा. माझा हा लेख त्या शब्दाला उत्तर म्हणून लिहिलेला आहे. नानांची स्तुती त्यात ओघाने येईल.

नानांची नि माझी पहिली ओळख झाली ती माझी फजिती होऊनच. स्वातंत्र्यानंतरचा दुसरा कापसाचा हंगाम होता. एका जिनाच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत कामगारांची सभा होती, आणि कामगारांचा वक्ता म्हणून मी रुईच्या एका गाठीवर उभा राहून बोलत होतो. तेवढ्यात सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या शेडमधून आरडाओरडा झाला. कापसाबरोबर एखादा खडा रेच्यात गेला की ठिणगी उडते, हे जिनात काम करणाऱ्याला सांगायला नको. ठिणगी उडाली, रुईने पेट घेतला, आणि बघता बघता आग शेजारी रचलेल्या गाठींपर्यंत पोचली.

आता माझी चूक ऐका. मी गाठीवरून उतरलो नाही. मोठा आवाज हेच माझे भांडवल. मी तिथूनच हुकूम सोडू लागलो. “बादल्या आणा! सगळी दारे उघडा! धूर बाहेर जाऊ द्या!” शंभर माणसे माझा शब्द झेलायला तयार होती. त्यांनी दारे उघडली, वारा आत शिरला आणि आगीला जणू आवतणच मिळाले.

इतक्यात बंब आला. त्यावरून एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ उतरले. त्यांनी एकदा शेडकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मला अगदी जवळ येऊन, आवाज न चढवता म्हणाले, “भाऊ, भाषण मंग कर. आते खाले उतर.”

मी उतरलो. आजवर कोणत्याही फौजदाराच्या सांगण्यावरून मी व्यासपीठ सोडलेले नाही. त्या दिवशी सोडले.

त्यांनी वाऱ्याकडची दारे लावून घेतली, नळी आत नेली, आणि अर्ध्या तासात ज्वाळा बसल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच: आग विझली की नारळ फोडायचा आणि रेचे पुन्हा सुरू करायचे. शेठजींनी नारळ मागवलाही. नाना मात्र रचलेल्या गाठींपाशी गेले आणि वैद्याने कपाळाला हात लावून ताप बघावा तसा एकेका गाठीला तळवा लावत चालले. मग वळून म्हणाले, “आग मझार शे.”

आग आत आहे. शेठजी हसले. “अहो जमादार, वरून सगळे ओलेचिंब आहे. आता काय कोरड्याला जाळणार?”

“शेठ, गाठींच्या पट्ट्या तोडू द्या.”

“तयार माल आहे तो! गाठ फोडली की मातेरे होईल.”

नानांनी पुढे वाद घातला नाही. गाठी बाहेर मोकळ्या मैदानात ओढायला लावल्या, शेजारी पाण्याची नळी तयार ठेवली आणि लोखंडी पट्ट्या तोडायला सुरुवात केली. पहिली गाठ पांढरीशुभ्र निघाली. शेठजींनी माझ्याकडे पाहिले. दुसरीही तशीच. कामगारांतही कुजबुज सुरू झाली. तिसरी उघडली, आणि तिच्या पोटात निखाऱ्याचा गोळा लालभडक दिसला. वारा लागताच त्याने भप्पकन तोंड उघडले, आणि नळीच्या पाण्याने ते तिथेच बंद केले.

नारळ शेठजींच्या हातातच राहिला. ती गाठ तशीच वखारीत गेली असती तर वखार गेली असती, आणि वखारीमागची कामगारांची चाळही. आपण पुन्हा म्हटले असते, बंब उशिरा आला.

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे. लढायांची वर्णने वाचली, राज्ये उलथल्याचे इतिहास वाचले, सेनापतींची चरित्रे वाचली. पण पुढारी कसा असावा याचा धडा मला त्या मैदानात मिळाला. टाळ्या वाजत असताना ज्याचा हात गाठीवर असतो, तो पुढारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंबखान्यात गेलो आणि म्हणालो, “नाना, मला शिकवा.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “तोंड बंद ठेवता येईल?” मी हो म्हणालो. ते हसून म्हणाले, “तेच बठ्ठ्यात कठीण शे.” सगळ्यांत कठीण तेच.

नाना मूळचे जिनातलेच. इंजिनावर मिस्त्री होते. त्यांच्या आधीची भावंडे जगली नाहीत म्हणून आईने जन्मताच त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलले आणि नाव उखर्डू ठेवले. आपल्याकडे अशी नावे घरोघर आहेत. युद्धाच्या काळात ते मुंबईला आग विझवण्याचे शिक्षण घेऊन आले आणि नगरपालिकेच्या बंबखान्यात जमादार झाले. तेव्हा बंबखाना म्हणजे शिफारशीने आलेल्या माणसांची विसाव्याची जागा होती. नळ्यांना उंदरांनी भोके पाडलेली. तोटी कोणी धरायची हे आगीपाशी पोचल्यावर ठरायचे, आणि ठरवायचे भांडून. नानांनी आवारात स्वतःच्या हाताने, माणसांना बरोबर घेऊन, एक हौद बांधला आणि रोज सकाळी सहाला कवायत सुरू केली. हौदातून पाणी खेचायचे, नळी धावत उलगडायची, तोटी रोखायची. आणि ते पाणी पन्हळीने पुन्हा हौदातच यायचे. वाया जाते म्हणतात ते पाणी हेच! ठराव करणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी सकाळी उठून ती पन्हळ पाहिली आहे काय?

त्या कवायतीतली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे डोळे बांधून चालणे. पावसाळ्यात जिने बंद असतात. तेव्हा नाना मालकांची परवानगी घेऊन आपल्या माणसांना रिकाम्या शेडमध्ये नेत, डोळ्यांवर फडके बांधत आणि सांगत, “बाहेर या.” धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. हाताची मागची बाजू भिंतीला लावून, गुडघ्यांवर, दार शोधायचे. पहिल्याच वर्षी एका जिनात गंमत झाली. बंबखान्याचे चार तगडे जवान डोळे बांधून निघाले आणि चौघेही वजनकाट्याजवळच्या मोठ्या दाराकडे रांगत गेले. रोज ज्या दाराने आत यायचे त्याच दाराकडे माणूस पळतो, मग ते कितीही लांब असो. शेडची झाडलोट करायला आलेली जिजाक्का हे बघून पदर तोंडाला लावून हसत होती. जिजाक्का म्हणजे त्या जिनात कापूस निवडणाऱ्या बायांची म्होरकी.

नाना म्हणाले, “काय हससं अक्का?”

“हसू नही ते काय करू? दार कथं शे ते आम्हले डोया बांधीसन बी समजस.”

“बांधू का मंग?”

“बांधा ना!”

फडके बांधले. जिजाक्का सरळ मागच्या भिंतीकडे गेली आणि एका लहान दारातून दहा पावलांत बाहेर पडली. ते दार जवानांना माहीतच नव्हते. बायांनी पुढच्या दाराने यायचे नाही असा मुकादमाचा नियम, त्यामुळे ते मागचे दार फक्त बायांच्या पायांना ठाऊक. वर्षानुवर्षे अपमान म्हणून सोसलेली ती वाट शेडमधली सर्वांत जवळची वाट निघाली. नानांनी जवानांसमोर जिजाक्काला हात जोडले. “आजपासून तूच आम्हनी मास्तरीन.” आणि त्या दिवसापासून प्रत्येक जिनात कवायतीच्या आधी नाना मुकादमाला विचारीत नाहीत, बायांना विचारतात. मागच्या दारापुढे गाठी रचू द्यायच्या नाहीत हा त्यांचा हट्टही तेव्हापासूनचा. त्यापायी किती मालकांशी भांडले, हे त्या मालकांनाच विचारा.

शिकवणाऱ्याने शिकत राहावे हे त्यांना सांगावे लागत नाही. साक्रीकडच्या एका डोंगरी गावात ते लोकांना गंजीची आग कशी आवरावी हे दाखवायला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना डोंगरातला वणवा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून कसा अडवतात ते दाखवले, तेव्हा आपली तोटी बाजूला ठेवून नाना दिवसभर त्यांच्या मागे डहाळी घेऊन हिंडले. परतल्यावर पुढच्याच आठवड्यात कवायतीत डहाळ्या आल्या.

कवायतीनंतर किंवा आगीनंतर नाना सर्वांना गोल बसवतात. चहा येतो. मग ज्याची त्याने चूक सांगायची, आणि सुरुवात प्रमुखाने करायची. पहिली चूक नेहमी नानांची. नव्या माणसाला हे विचित्र वाटते. यावलहून शिकायला आलेल्या एका जवानाने मला विचारले होते, “साहेब स्वतःच्या चुका सांगतात, मग आम्ही त्यांना भ्यायचे कसे?” मी म्हटले, भ्यायचे नाहीच.

या रिवाजाची खरी परीक्षा रमजानभाईंच्या वेळी झाली. रमजानभाई पिंजाऱ्याच्या घरातले, तोटी धरण्यात नानांचे उजवे हात. लाकडाच्या वखारीच्या आगीत त्यांना फार वेळ आत राहावे लागले आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. नगरपालिकेने लेखी खुलासा मागितला: चूक कोणाची? बंब चालवणाऱ्या ड्रायव्हरवर ढकलून मोकळे व्हावे, असे वरिष्ठांनीही सुचवले होते. नानांनी एका ओळीत लिहून दिले, “माणूस बदलायला मी विसरलो. चूक माझी.” आणि मग रमजानभाईंचा हात बरा होईपर्यंत ते रोज कवायत संपली की त्यांच्या घरी जात, स्वतः पट्टी बदलत. एकदा मी बरोबर होतो. पट्टी सोडताना नानांचे डोळे भरून आले. रमजानभाईच त्यांना दटावू लागले, “अरे नाना, रोते क्या हो? हात जला, तोटी तो नहीं छोडी ना!” नाना म्हणाले, “ती सोडायला सांगायचं माझं काम होतं रे, रमजान.”

आणि आता तो दिवस सांगतो, ज्यासाठी काही मंडळींनी नानांना अजून माफ केलेले नाही. भर बाजारात दुपारी धान्याच्या गोदामाला आग लागली. आपल्याकडे आग म्हणजे सर्वांचे हुकूम. मालक हुकूम सोडतो, मालकाचा मेहुणा सोडतो, जो येईल तो सोडतो. आणि मी स्वतः हा गुन्हा केलेला असल्यामुळे मला त्याची पुरती ओळख आहे. नानांचा नियम: आगीवर एकच तोंड. भोवती दोरी बांधायची, आणि दोरीच्या आत फक्त बंबवाले. त्या दिवशी नगरपालिकेचे एक वजनदार सभासद दोरी ओलांडून आत आले आणि तोटी आपल्या सोयऱ्याच्या दुकानाकडे वळवायला सांगू लागले. त्या दुकानाला आगीची धगही लागलेली नव्हती. दुसऱ्या बाजूला मात्र माळ्यावर दोन हमाल अडकले होते.

“साहेब, दोरीच्या मागे व्हा,” नाना म्हणाले.

“मला ओळखलेत का जमादार?”

“ओळखलं. म्हणून तर साहेब म्हटलं. आता मागे व्हा.”

ते हलले नाहीत. तेव्हा नानांनी दोन जवानांना खूण केली, आणि जवानांनी सभासदांना अदबीने, अगदी दोन्ही बाजूंनी धरून, दोरीच्या बाहेर नेऊन ठेवले. बाजार हसला. दोन्ही हमाल जिवंत उतरले. आणि आठवड्याच्या आत नाना निलंबित झाले.

निलंबित माणसाला बंबखान्याच्या आवारात यायला बंदी होती. पण रस्त्यावर उभे राहायला नव्हती! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नाना बंबखान्याच्या ठेंगण्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेला उभे. आत जवान रांगेत उभे. नानांनी रस्त्यावरून शिटी वाजवली आणि आत कवायत सुरू झाली. रमजानभाई बऱ्या झालेल्या हाताने तोटी धरत होते. जिनांकडे निघालेल्या बाया थांबून बघत. जिजाक्का रोज जाताना भिंतीवरून आवाज देई, “नाना, बंदी घालनारा आते गाढ झोपेल व्हतीन!” एक दिवस नाही, दोन दिवस नाही, निलंबन उठेपर्यंत नानांनी एकही सकाळ चुकवली नाही. शेवटी बाजारातल्या हमालांनी आणि जिनांतल्या कामगारांनी नगरपालिकेपुढे जाऊन बसकण मारली, तेव्हा त्यांना आत घ्यावे लागले. त्या बसकणीत मीही भाषण केले. नानांनी नंतर विचारले, “किती वेळ बोलला?” मी म्हटले, दहा मिनिटे. “सुधरला गड्या,” ते म्हणाले. एवढी मोठी शाबासकी मला कोणत्याही सभेत मिळालेली नाही.

आज धुळ्याला, जळगावला, यावलला, जिनांच्या नि गिरण्यांच्या आवारांत जी माणसे आगीपुढे डोके शांत ठेवून उभी राहतात, त्यांतली कितीतरी या हौदावर घडली. तो हौद आता कोरडा ठेवायचा आहे. नाना गेले की कवायत जाईल, कवायत गेली की बंब पुन्हा लग्नांतली पिपे भरायला लागेल, आणि एका दुपारी कोणी तरी गाठीला हात न लावताच नारळ फोडेल. त्या गाठीमागच्या चाळीत आपलीच बायकापोरे असतील. मंडळी, या ठरावाचा अर्थ एवढाच आहे, आणि एवढा अर्थ समजायला फार शिकावे लागत नाही. हे लोक नानांना मानपत्र द्यायलाही तयार आहेत. शाल देतील, श्रीफळ देतील, गोड बोलतील. माणसाचा गौरव करायचा आणि त्याचे काम पुरायचे, ही युक्ती जुनी आहे. आपण तिला फसायचे नाही.

मी परवा नानांना भेटलो. ते कोरड्या हौदाच्या काठावर बसून तळातला गाळ झाडूने काढत होते. मी विचारले, “नाना, सत्काराला काय द्यावे, मंडळी विचारताहेत.”

त्यांनी झाडू थांबवला नाही. “शाल माले कसाले? हौद भरा.”

उखर्डूनाना, साठी म्हणजे तुमच्या हिशेबी अजून सकाळचे सहाच वाजले आहेत. तुमचे गुडघे धुरात रांगण्याइतके धड राहोत. तुमची छाती शिटी फुंकण्याइतकी भरलेली राहो. आणि आमची मुले मोठी होऊन तोटी धरतील तेव्हा त्यांच्या चुकांच्या गोलात पहिली चूक सांगायला तुम्हीच बसलेले असा. गाठीवरचा तुमचा तो हात आम्हांला अजून फार वर्षे हवा आहे.

आणि बंधुभगिनींनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे. पाणी नाही म्हणतात ना? आपल्या घरात घागरभर आहे. सत्काराच्या दिवशी हार आणू नका, नारळ आणू नका. सकाळी सहाच्या ठोक्याला, शिटी वाजायच्या आत, प्रत्येकाने घरून एक भरलेली घागर घेऊन बंबखान्यात या, आणि नानांच्या डोळ्यांदेखत ती हौदात ओता.